घरातच हरवलेलं नाणं : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ज्याची ही हकिगत आहे त्याने ती वाचली, दोन ठिकाणी दुरुस्त केली आणि मगच लिहू दिली. त्याला इथे सुनील म्हणतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्याच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या समाजाचा, पाळक, म्हणजे धर्मगुरू. २०१९ पासून तिथे आहे.

मंडळी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका तालुक्याच्या गावची. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं आणि पुढच्या काही पिढ्यांत गावकुसाबाहेरची कितीतरी घरं ख्रिस्ताकडे आली. सुनीलचे पणजोबा त्यांतले. ते मिशनच्या शाळेत झाडलोट करता करता अक्षर शिकले आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवर अंगठ्याऐवजी सही केली, ही गोष्ट त्या घरात अजून सांगतात. शिकलं की माणूस वर येतो, हे त्या घरात श्रद्धेइतकंच जुनं आहे.

वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार. आई अंगणवाडीत मदतनीस. धाकटी बहीण नर्स, तिचं सासर वीस किलोमीटरवर. जमीन दोन एकर होती. त्यातले वीस गुंठे २०१६ मध्ये विकले, सुनीलच्या पुण्याच्या खर्चासाठी. हे वाक्य मी इथे लिहिलं, पण घरात ते कोणी उच्चारत नाही.

सुनील दहावीला मंडळीत पहिला आला होता. मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यालयात अजून तो फोटो आहे: शाल, श्रीफळ आणि मोठ्या कॉलरचा शर्ट घातलेला सोळा वर्षांचा पोरगा. २०१२ साली बी.ए. करून तो स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, सकाळी सहाला अभ्यासिकेतली खुर्ची, दुपारी मेसचा डबा, रात्री अकराला परत. अशी अकरा वर्षं. तीनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, एकदा मुलाखतीपर्यंत. एक यादी दीड मार्काने हुकली. २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा कोरोनामुळे पुन्हा पुन्हा पुढे जात राहिली. १४ मार्च २०२१ ही तारीखही तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा पुण्यात रस्त्यावर उतरलेल्या मुलांत तोही होता. परीक्षा अखेर २१ मार्चला झाली. त्या आठवड्यात आपल्या आत काहीतरी तुटलं, असं तो सांगतो. कळलं मात्र दोन वर्षांनी.

जुलै २०२३ मध्ये तो घरी परतला. सुतळीने तोंडं बांधलेली पुस्तकांची दोन पोती टेम्पोतून उतरवली आणि मागच्या खोलीत कॉटखाली सरकवली. ती सोडली नाहीत. वय तेहतीस.

अडचण

सप्टेंबरमधल्या एका रविवारी उपासना संपल्यावर आई दाराशी थांबली. सगळे हस्तांदोलन करून गेले तरी थांबली. म्हणाली, "पाळकसाहेब, पोरगं दिवसभर झोपतं आणि रात्रभर जागतं. भाकरी दोन वेळा वाढते, एक वेळ उचलून ठेवते. तुम्ही एकदा येऊन बोला."

मी गेलो. इथून पुढे माझ्या चुका सुरू होतात आणि त्या नीट सांगायला हव्यात.

मागच्या खोलीत तो कॉटवर बसला होता. समोर साय धरलेला चहा. भिंतीवर एक ख्रिस्ती कॅलेंडर, त्यावर बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मी त्या कॅलेंडरकडे बोट केलं. तेच वचन वाचलं, देवाची वेळ आणि आपली वेळ वेगळी असते असं सांगितलं, प्रार्थना केली आणि निघालो. सगळं मिळून वीस मिनिटं. त्याने "आमेन" म्हटलं. मला वाटलं, भेट बरी झाली.

पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत मी आजाऱ्यांची नावं घेतली, परदेशी गेलेल्यांची घेतली आणि त्याच ओघात "आपला बंधू सुनील, जो अपयशाने खचला आहे" असंही म्हणालो. प्रेमानेच म्हणालो. दीडशे माणसांनी ते ऐकलं. दुपारपर्यंत दोन बायका आईकडे चौकशीला गेल्या आणि संध्याकाळी त्याच्या चुलत्याने फोन करून "आता पाळकसुद्धा म्हणायला लागले" असं त्याला सुनावलं. त्याने दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. मला हे बहिणीच्या फोनवरून कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही विचारायला हवं होतं त्याला."

दुसऱ्या दिवशी मी गेलो ते माफी मागायला. प्रार्थना नाही, वचन नाही. "तुला न विचारता तुझं नाव घेतलं. माझी चूक झाली. मला क्षमा कर." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग उठून त्याने कॉटखालच्या पोत्यामागून रबरबँड लावलेला एक गठ्ठा काढला आणि चादरीवर एकेक कागद मांडायला लागला. हॉलतिकिटं. चौदा. प्रत्येकावर फोटो. पहिल्यात ओठावर मिसरूड फुटलेला मुलगा, पाचव्या-सहाव्यात चष्मा, नवव्यात केस मागे सरकलेले. शेवटच्या फोटोतला माणूस माझ्यासमोर बसला होता. चौदा चेहरे ओळीने लावून तो म्हणाला:

"रस्ता चुकलेल्या माणसाला परत फिरता येतं, पाळकसाहेब. मी चुकलोच नाही. सगळ्यांनी दाखवला त्याच रस्त्याने गेलो. रस्ताच संपला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नव्हतं ते बरंच झालं. कारण गप्प बसलो म्हणून पुढचं वाक्य आलं: "मी नसतो तर ते वीस गुंठे तरी राहिले असते."

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. असं वाक्य आलं की आपण पाळक लोक घाईघाईने "असं बोलू नये, जीवन देवाचं दान आहे" म्हणतो आणि दार लावून घेतो. मीही पूर्वी तसंच केलं आहे. या वेळी सरळ विचारलं, "सुनील, जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. विचारलं की माणूस एकटा राहत नाही. तो म्हणाला, "येतो. रोज नाही. निकालाच्या दिवसांत येतो." काही ठरवलं आहे का, हेही विचारलं. ठरवलं नव्हतं. आणि मग तो रडला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर उशी धरून.

समोर असलेले पर्याय

गुप्तता हा पहिला प्रश्न. त्याने विश्वासाने सांगितलेलं, आणि मी आठच दिवसांपूर्वी एकदा विश्वास मोडलेला. पण जिवाचा प्रश्न आला की "कोणाला सांगणार नाही" हे वचन पाळकाने द्यायचं नसतं. मी त्याला म्हणालो, "हे माझ्यापाशी ठेवता येणार नाही. पण कोणाला सांगायचं ते तू ठरव." आई-वडील नकोत, म्हणाला. बहीण चालेल. त्याच्यासमोर बहिणीला फोन लावला. संध्याकाळी ती आली आणि कोणाला कारण न सांगता शेतातल्या फवारणीच्या बाटल्या चुलत सासऱ्यांकडे कुलपात ठेवून आली. शिवाय १४४१६ हा टेलिमानसचा नंबर त्याच्या आणि तिच्या फोनमध्ये टाकला. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची ही सेवा चोवीस तास आणि मराठीतही आहे. त्याने तो नंबर पुढे एकदा वापरला, रात्री दोन वाजता.

त्यानंतर प्रत्येकाचा उपाय वेगळा. चुलते म्हणाले, एका संजीवन सभेत नेऊ, तिथे अपयशाचा आत्मा घालवतात. वडील म्हणाले, कारखान्यावर चिकटवू आणि लग्न लावून देऊ, आपोआप ठिकाणावर येईल. पुण्याचा रूम पार्टनर फोनवर म्हणाला, अजून एक अटेम्प्ट मार, मागासवर्गीयांना त्रेचाळीसपर्यंत वय आहे, तुझ्याकडे दहा वर्षं आहेत. मंडळीच्या कमिटीचे सचिव म्हणाले, तरुण संघाची जबाबदारी द्या, गुंतला की विसरेल. बहिणीचं म्हणणं, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू.

या सगळ्यांत कोणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. पण बहीण सोडली तर बाकीच्यांच्या उपायांत एक गोष्ट सारखी होती: सुनीलने पुन्हा काहीतरी व्हायचं होतं. सुटलेला, कमावता, नवरा, साहेब, पुढारी. तो आत्ता जसा आहे तसा कोणाच्या कामाचा नव्हता, आणि हेच तर त्याचं दुखणं होतं.

संजीवन सभेबद्दल मला जास्त विचार करावा लागला. प्रार्थनेने माणूस बरा होतो यावर माझा विश्वास आहे आणि आईचा जीव तिकडे ओढत होता. पण "तुझ्यात अपयशाचा आत्मा आहे" हे शब्द चौदा हॉलतिकिटं जपून ठेवणाऱ्या माणसाच्या कानावर पडले तर काय होईल, हे मला दिसत होतं. मी आईला म्हणालो, "ताई, याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे तसं मंडळीचे वडीलजन घरी येऊन त्याला तेल लावून प्रार्थना करतील, तो हो म्हणाला तर. पण डॉक्टर आधी. ताप आला तर आपण दोन्ही करतो ना?" तिने मान्य केलं. चुलते अजून माझ्याशी फारसे बोलत नाहीत.

काय केलं

आठवड्याभरात बहीण आणि मी त्याला नगरला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो, एसटीने. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या: परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. परतीच्या गाडीत त्याने विचारलं, "ख्रिस्ती माणसाने गोळ्या घ्याव्यात का?" मी त्याला एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, बायबलातलं पहिला राजे हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय.

कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला संदेष्टा लगेचच जीव मुठीत धरून रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा जीव घे, असं देवाला म्हणतो. देव त्याला रागावत नाही. उपदेशही करत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. देव बोलतो ते पुष्कळ पुढे, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर, आणि तेव्हाही आधी प्रश्न विचारतो: एलीया, तू इथे काय करतोस? सुनील खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे आधी भाकर आणि झोप." मी म्हणालो, हो.

आमचा पुढचा सगळा कार्यक्रम याच क्रमाने ठरला. मंडळीतली चार माणसं निवडली, त्याला विचारून. एक निवृत्त शिक्षिका, एक गॅरेजवाला, तबला वाजवणारा एक मुलगा आणि मी. आठवड्यातून एकेकाने जायचं. परीक्षा, नोकरी, लग्न हे तीन विषय त्याने काढल्याशिवाय काढायचे नाहीत. वचन सांगायचं नाही, त्याने मागितलं तरच वाचायचं. बाई गुरुवारी भाकरी आणि ठेचा घेऊन जायच्या आणि त्याच्यासोबत बसून जेवायच्या. गॅरेजवाला त्याला संध्याकाळी बाईकवर कालव्यापर्यंत नेऊन आणायचा. दीड महिना दुसरं काही घडलं नाही. कमिटीच्या बैठकीत एकाने विचारलं, "याने काय साध्य होतंय?" मलाही रात्री तेच वाटायचं. पण झोप रात्रीची व्हायला लागली होती.

नोव्हेंबरमध्ये वचन त्याने स्वतः काढलं. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून टांगलेलं मी पाहिलं होतं, विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "प्रत्येक निकालानंतर हेच वचन मला कोणी ना कोणी पाठवलंय. आता ते वाचलं की पोटात कालवतं." आम्ही पवित्र शास्त्र उघडलं आणि ते वचन जिथे आहे त्या अकराव्या ओवीऐवजी यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीपासून वाचलं. इतकी वर्षं उपदेश करून मीही तो अध्याय सलग असा कधी कोणासोबत वाचला नव्हता.

ते एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणतो ते खोटं आहे, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक परत जाणारच नाहीत. आणि मग तो सांगतो: घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पाचं ते वचन याच्या पुढे येतं, बाबेलमध्येच राहणार असलेल्या लोकांसाठी.

सुनील एकदम म्हणाला, "क्लासवाले हनन्या आहेत. पुढच्या अटेम्प्टला नक्की." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तुम्ही पण होता, पहिल्या दिवशी." मी मान्य केलं.

आशा म्हणजे पुढचा निकाल चांगला लागेल हा अंदाज, असं आम्ही त्याच्यासमोर मांडत आलो होतो. अंदाज चुकला की देवच चुकल्यासारखा वाटतो. पत्रातली आशा वेगळी आहे. परत जाता येणार नाही हे सांगूनही ती "बाग लावा" म्हणते, कारण देव यरुशलेममध्ये मागे राहिलेला नाही, तो बाबेलमध्येही आहे. मी पुष्कळ अंत्यविधी केले आहेत, पुनरुत्थानाच्या आशेवर पुष्कळ बोललो आहे. पण ही आशा जिवंत माणसाच्या मंगळवारी दुपारी कशी दिसते, हे मला त्या खोलीत कळलं.

त्याच सुमारास मला लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायाचीही नव्याने समजूत पडली. तिथे तीन हरवलेल्यांच्या गोष्टी आहेत: मेंढरू, नाणं आणि मुलगा. आमच्या मंडळीत हरवलेला म्हटलं की फक्त मुलगा आठवतो, जो स्वतः गेला आणि स्वतः परत आला. सुनीलशी आम्ही सगळे त्याच नजरेने वागत होतो, जणू त्याने काही उधळलं होतं. तो तर नाणं होता. नाणं घरातच हरवतं, कोणाच्या तरी हातून पडतं, आणि त्याला स्वतःहून परत येता येत नाही. गोष्टीतली बाई दिवा लावते आणि घर झाडते. झाडायचं घर असतं, नाणं नव्हे.

आमच्या घरात झाडण्यासारखं पुष्कळ होतं. दर जूनमध्ये गुणगौरव समारंभ होतो, पास झालेल्यांना शाल-श्रीफळ मिळतं. नापास झालेली मुलं त्या रविवारी उपासनेला येत नाहीत. वर्षानुवर्षं येत नाहीत आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. २०२४ पासून समारंभ उपासनेतून काढून शनिवारी संध्याकाळी ठेवला. काही पालक नाराज आहेत.

एक प्रश्न त्याने डिसेंबरात विचारला, त्याची नोंद इथे करायलाच हवी. त्याच्या वर्गातला, त्यांच्याच भावकीतला एक मुलगा अनुसूचित जातीच्या यादीतून निवडला गेला होता. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. सुनील म्हणाला, "माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून मी मागे राहिलो का?" १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. या प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

"प्रभूसाठी सोसलेलं व्यर्थ जात नाही" हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. दिलं नाही. तो अन्याय आहे आणि अन्यायाला अन्यायच म्हणायला हवं. आम्ही अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. ते अंधारावर संपतं, पुढे स्तुतीचं कडवं येत नाही. "हे पण शास्त्रात आहे?" त्याने विचारलं आणि पान दुमडून ठेवलं.

मधे बसलेला धक्का

जानेवारीत त्याने ठरवलं की परीक्षा पुन्हा द्यायची नाही. निर्णय त्याचाच. मला विचारलं तेव्हा मी एवढंच विचारलं की हे थकून ठरवतो आहेस का. तो म्हणाला, "थकलो होतो तेव्हा ठरवता येत नव्हतं." दोन्ही पोती त्याने स्वतः सोडली. नोट्स ठेवल्या, पुस्तकं तालुक्याच्या अभ्यासिकेला दिली. हॉलतिकिटांचा गठ्ठा अजून त्याच्याकडे आहे. मी जाळून टाक म्हटलं नाही.

मग फेब्रुवारीत त्याचा जुना रूम पार्टनर निवडला गेला. मिरवणुकीचा व्हिडिओ, जेसीबीवरून गुलाल. त्याच आठवड्यात सुनीलने "बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या, आम्हाला न सांगता. चार दिवस तो पुन्हा त्याच खोलीत, त्याच अंधारात. टेलिमानसला फोन केला तो त्यांतल्याच एका रात्री. सकाळी बहिणीला सांगितलं, दुपारी डॉक्टरांकडे, गोळ्या पुन्हा सुरू. मी हबकलो होतो. वाटलं, पाच महिन्यांचं सगळं वाहून गेलं. गुरुवारी शिक्षिका बाई नेहमीप्रमाणे भाकरी घेऊन गेल्या. त्यांनी माझ्यासारखा हिशेब मांडला नव्हता.

आता कुठे आहे

बाग लावा, हे त्याने शब्दशः घेतलं होतं. परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर मेथी, कोथिंबीर, वाफे अगदी सुतात. त्याच्यापाशी अकरा वर्षांचं आणखी एक पीक होतं, ते आम्हाला उशिरा दिसलं: शासनाची एकेक योजना, तिची अट, तिचा कागद त्याला तोंडपाठ होता. मंडळीतल्या एका विधवा आजीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तीनदा परत आला होता. त्याने कागद पाहिले, उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष चुकलं होतं ते दाखवलं. आजींचे पैसे सुरू झाले. मग दुसरी आजी आली, मग शेजारच्या आळीतले मुस्लिम चाचा. आज तो एका सेवा केंद्रात पगारावर काम करतो. पगार थोडा आहे. गोळ्या चालू आहेत, डोस कमी झाला आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या कापणीच्या सणाला लोकांनी पोती, कोंबड्या, भोपळे आणले. लिलावात त्याची मेथीची जुडीही होती. गॅरेजवाल्याने ती पन्नास रुपयांना घेतली आणि सगळे हसले, तोही हसला.

त्यानंतर कमिटीने सुचवलं की सुनीलने साक्ष द्यावी, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगावा. हा शेवटचा मोठा निर्णय. आमच्याकडे साक्षीला एक ठरलेला साचा आहे: पडलो, प्रभूने उचललं, आता सर्व ठीक. सुनील म्हणाला, "सर्व ठीक नाही. मी खोटं बोलणार नाही." मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांत खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमा या शिष्याला त्यांनी तेच दाखवले. व्रण झाकून साक्ष द्यायला आपण लोकांना का लावतो, हे मी कमिटीला विचारलं. साक्ष झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नाव न घेणं, ही तर उघडच गोष्ट. आता आमच्याकडे मध्यस्थीच्या प्रार्थनेत कोणाचंही नाव त्या माणसाला विचारल्याशिवाय घेत नाही, आजाऱ्याचंही नाही.

पहिल्या भेटीत मी दोन तास बसायला हवं होतं. आणि जुलै ते सप्टेंबर, आई दाराशी येईपर्यंत थांबायला नको होतं. पुस्तकांची पोती गावात उतरली ती अर्ध्या मंडळीने पाहिली होती, मीही ऐकलं होतं. गोळ्यांच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांत आम्ही दर आठवड्याला विचारत होतो, मग विचारणं सुटलं. ते सुटायला नको होतं.

बहिणीवर फार भार टाकला. त्याने तिला निवडलं म्हणून सगळं तिच्याकडे गेलं: डॉक्टर, बाटल्या, रात्रीचे फोन. तिला स्वतःचं घर आहे, ड्युटी आहे. ती कशी आहे हे आम्ही तिला पहिल्यांदा विचारलं ते मार्चमध्ये. तिच्यासाठी आम्ही कोणालाच नेमलं नव्हतं.

सगळ्यांत मोठी उणीव वडिलांची. मी त्यांच्याशी सुनीलबद्दल बोललो, त्यांच्याबद्दल कधीच नाही. वीस गुंठे विकले ते त्यांनी, आणि त्या तुकड्यावर आता दुसऱ्याचा ऊस उभा आहे. कारखान्यावर जाताना ते रोज त्याच बांधावरून सायकल काढतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्यासोबत चालत निघालो. त्या बांधाशी आल्यावर ते थांबले, विडी पेटवली, "यंदा ऊस बरा आहे त्यांचा," म्हणाले आणि पुढे निघाले. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.